पणपणबाई आणि उघडी खिंड

डोळे मिटू नका, नाहीतर पुढचं वाचणार कसं? उघड्या डोळ्यांनीच, पण मनातल्या मनात, एक लाकडी ठोकळा हातात घ्या. काड्यापेटीएवढा, चपटा, कडा घासून गुळगुळीत केलेला. तो जमिनीवर उभा करा. राहिला उभा? शाबास. आता त्याच्यामागे बोटभर अंतर सोडून दुसरा. त्याच्यामागे तिसरा. श्वास बेतानं घ्या. शिंक आली तर नाक दाबून धरा. आणि कोपर सांभाळा हं, घात करतं ते नेहमी कोपरच.

जमलं? मग आता रांग वाढवा. रस्त्याकडच्या दारापासून ती सुरू होते, एका फळीवरून चढत सुताराच्या टेबलावर जाते, सरसाच्या डब्यांना वळसा घालते, दुसऱ्या फळीवरून खाली उतरते. मग जमिनीवर गोगलगायीच्या पाठीसारखी गोल गोल फिरते, करवतीच्या टेबलाखालून बाहेर पडते आणि थेट मागच्या भिंतीपाशी पोचते. तिथे एक घंटा टांगलेली आहे. शेवटचा ठोकळा पडला की खुंटी निघणार, खुंटी निघाली की घंटा वाजणार. तुम्ही पहिल्या ठोकळ्याला फक्त एक बोट लावायचं. बाकी सगळं आपोआप!

छातीत थोडं धडधडलं ना? मग त्या सकाळी मोठीच्या छातीत काय चाललं असेल, ते तुम्हाला बरोबर कळेल.

मोठी म्हणजे दोन बहिणींतली मोठी. हातानं चपळ आणि जिभेनं त्याहून चपळ. धाकटी तिच्याहून तीन वर्षांनी लहान. त्यांच्या मामाचा लाकडाचा कारखाना होता. तिथे चित्रांच्या चौकटी आणि मुलांची खेळणी तयार व्हायची. मामा लाकूड कापायचा, आई ते रंगवायची, आणि शाळा सुटली की दोघी बहिणी दप्तरं कोपऱ्यात टाकून तिथेच बागडायच्या. चौकटींची उरलेली टोकं मामा आधी बंबात घालायला द्यायचा. एकदा मोठीनं त्यातले चार तुकडे उभे करून पाडून दाखवले आणि मामा रंधा बाजूला ठेवून जमिनीवर मांडी घालून बसला. "पुन्हा कर!" म्हणाला. त्या दिवसापासून उरलेलं लाकूड बंबात गेलं नाही. मामा त्याचे ठोकळे कापून द्यायला लागला. पोतीच्या पोती भरली.

त्या रस्त्यावर सगळे असेच लोक. शेजारी पुस्तकांची बांधणी करणारे, त्यांच्या पलीकडे पत्र्याचे डबे बनवणारे, समोर शिवणकाकू. वर्षातून एकदा सगळे आपापली दारं सताड उघडायचे आणि कुणीही आत येऊन काम बघायचं. यंदा त्या दिवशी शहरातल्या खेळण्यांच्या संग्रहालयाच्या बाई येणार होत्या. आधी एकदा त्या चौकट न्यायला आल्या होत्या, तेव्हा त्यांनी मोठीची अर्धीमुर्धी रांग पाहिली होती. जाताना दारातून मागे वळून म्हणाल्या होत्या, "त्या दिवशी पूर्ण रांग दाखवा. अट एकच. बोट लावून सुरू केलीत, की मग कुणाचाही हात लागायचा नाही. घंटा वाजली तर सुट्टीत आमचा मोठा हॉल तुमचा. हवी तेवढी लांब रांग लावा."

मोठा हॉल! मोठीनं तो पाहिला होता. एवढा मोठा, की एका टोकाला खोकलं तर दुसऱ्या टोकाला ऐकू यायला वेळ लागेल. तेव्हापासून मोठीला झोपेतसुद्धा ठोकळेच दिसायचे.

आता खिंडीची गोष्ट सांगतो, म्हणजे पुढे गोंधळ नको. रांग लावताना सगळ्यात मोठी भीती कसली? चुकून एक ठोकळा पडला तर टप टप टप सगळी रांग झोपते आणि दिवसभराची मेहनत पाण्यात. म्हणून मध्ये मध्ये चार-पाच ठोकळ्यांची जागा मोकळी सोडायची. पडझड तिथपर्यंत येते आणि थांबते. या मोकळ्या जागेला दोघी बहिणी खिंड म्हणायच्या. सगळं लावून झालं, की बोट लावायच्या अगदी आधी एकेक खिंड भरून टाकायची.

"पण ताई," एकदा धाकटी म्हणाली होती, "एखादी खिंड भरायची राहून गेली तर?"

त्यावर उपाय धाकटीनंच शोधला. शिवणकाकूंकडून लाल कापडाच्या चिंध्या आणल्या आणि प्रत्येक खिंडीशेजारी एक चिंधी ठेवली. चिंधी दिसते आहे म्हणजे खिंड उघडी आहे. नियमही तिचाच. आधी ठोकळे, मग चिंधी. ठोकळे लावून झाल्याशिवाय चिंधी उचलायची नाही.

धाकटीचं सगळं असंच. प्रत्येक वाक्याच्या तोंडाशी एक "पण" असायचा. पण ताई, इथे अंतर जास्त नाही झालं? पण मामा, तू टेबलाला टेकलास तर? पण आई, पंखा लावला तर? कधी तिचं म्हणणं खरं निघायचं, कधी नुसतीच शंका असायची. एके संध्याकाळी मोठी दमली होती, गोगलगायीचं आतलं वळण काही केल्या नीट जमत नव्हतं, तेवढ्यात मागून आवाज आला, "पण ताई..."

मोठीनं हवेत हात उंचावला, जुन्या मोटारीचा रबरी भोंगा पिळावा तसा पिळला आणि ओरडली, "आली, आली! आमची पणपणबाई आली! पण-पण! पण-पण! बाजूला व्हा!"

झालं! मामानं हातातली पटाशी खाली ठेवली आणि पोट धरून हसला. आई "पुरे गं" म्हणाली, पण म्हणता म्हणता तिच्याही कुंचल्याचा रंग चौकटीबाहेर गेला. धाकटीही हसली. पहिल्या दिवशी ती खरंच हसली. त्यानंतर मात्र रोजचंच झालं. ती दारातून आत आली की मामा ओरडायचा, "अरे सरका, गाडी आली!" पुस्तकबांधणीवाले काका समोरून जाताना भोंगा वाजवून जायचे. शिवणकाकूंच्या मशीनवरच्या मुलीसुद्धा खिडकीतून "पण-पण!" करायच्या. कुणाच्या मनात काही वाईट होतं का? छे! सगळ्यांना धाकटी आवडायची. म्हणून तर चेष्टा.

हळूहळू "पण" कमी झाले. मोठीला वाटलं, चला, शहाणी झाली. एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नव्हती. धाकटी आता बोलायच्या आधी आजूबाजूला कोण कोण आहे ते बघायची.

तर ती सकाळ. कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. मामानं दोऱ्या बांधून लोकांना कडेला उभं केलं होतं. लहान मुलं मोठ्यांच्या खांद्यावर बसली होती, उंच माणसांना मागे ढकललं होतं, आणि संग्रहालयाच्या बाई चष्मा पुसत पुढच्या रांगेत उभ्या होत्या. मोठी अनवाणी, बाह्या वर सरकवलेल्या, एकेक खिंड भरत चालली होती. ठोकळे लावायचे, चिंधी उचलायची, खिशात टाकायची. लोक श्वास रोखून बघत होते, आणि एवढे डोळे आपल्यावर आहेत म्हटल्यावर मोठीला स्फुरण चढलं.

ती करवतीच्या टेबलापाशी आली. तिथे, टेबलाखाली शिरण्याच्या तोंडाशी, एक खिंड होती. पलीकडे धाकटी उकिडवी बसून पुठ्ठ्याच्या पट्टीनं अंतर तपासत होती.

"पण ताई, हा ठोकळा जरा..."

मोठीला राहवलं नाही. एवढी माणसं, एवढी शांतता! तिनं खिंडीशेजारची लाल चिंधी उचलली, धाकटीच्या रिबिनीसारखी आपल्या डोक्यावर धरली, डोळे मोठे केले, गाल फुगवले आणि बारीक आवाजात म्हणाली, "पण ताई, ठोकळा आजारी पडला तर? पण ताई, ठोकळ्याला भूक लागली तर? पण-पण! पण-पण!"

काय हशा पिकला म्हणून सांगू! मागचे लोक पुढच्यांना विचारायला लागले, काय झालं, काय झालं? ज्यांना ही चेष्टा ठाऊक नव्हती त्यांनाही ती क्षणात कळली. एक बारकासा मुलगा बापाच्या खांद्यावरून भोंगा पिळायला लागला. संग्रहालयाच्या बाईसुद्धा ओठ दाबून हसल्या. मोठीनं नाटकात करतात तसं वाकून सगळ्यांना नमस्कार केला, चिंधी खिशात कोंबली आणि पुढच्या खिंडीकडे गेली.

धाकटी उभी राहिली. तिनं त्या जागेकडे पाहिलं. मग मोठीकडे पाहिलं. "पण..." म्हणाली.

"पण-पण!" खांद्यावरचा मुलगा ओरडला. लोक पुन्हा हसले.

धाकटीचं तोंड मिटलं.

तुम्हाला कळलं ना काय झालं ते? मोठीला कळलं नव्हतं. ती दारापाशी पोचली होती. सगळ्या चिंध्या उचललेल्या, एकही लाल ठिपका कुठे दिसत नाही. तिनं गुडघे टेकले. मामानं हात वर केला. "एक... दोन..."

मोठीनं बोट लावलं.

टप्. टप्टप्टप्! निघाली रांग! फळीवरून सरसर वर चढली, लोकांच्या माना तिच्याबरोबर वर गेल्या. टेबलावर पोचली, डब्यांना वळसा घातला, "अरे वा, अरे वा!" कुणीतरी ओरडलं. दुसऱ्या फळीवरून घरंगळल्यासारखी खाली आली. मोठी दोरीच्या कडेकडेनं धावत होती, हसत होती, ओठ चावत होती. आता गोगलगाय! बाहेरचं वळण, मधलं वळण, आतलं वळण, जे तिला इतके दिवस छळत होतं ते, आणि ते वळलंसुद्धा! बाहेर निघाली! आता फक्त करवतीचं टेबल, मग भिंत, मग घंटा!

धावता धावता मोठीला धाकटी दिसली. सगळे ठोकळ्यांकडे बघत होते आणि धाकटी मात्र त्यांच्या पुढे, अजून न पडलेल्या एका जागेकडे बघत होती. दोन्ही मुठी तिनं तोंडावर गच्च दाबून धरल्या होत्या.

टप्टप्टप्... टप्.

थांबली.

करवतीच्या टेबलाच्या तोंडाशी शेवटचा ठोकळा मोकळ्या जमिनीवर आडवा पडला. त्याच्यापुढे चार-पाच ठोकळ्यांची रिकामी जागा. आणि त्या जागेपलीकडे उरलेली रांग शिस्तीत उभी, जणू तिला या सगळ्याची काही खबरच नाही.

"अरेरेरे!" सगळा कारखाना एका सुरात हळहळला.

मामाला शांतता सोसत नाही. कुठेही कोंडी झाली की तो आधी विनोद करून मोकळा होतो. "खिंड राहिली वाटतं!" तो मोठ्यानं म्हणाला. "कुणाचं काम हे? पणपणबाई, तुमचं इंजिन बंद पडलं की काय?"

लोक हसले. म्हणजे हसण्यासारखं काही नव्हतं, पण सकाळपासून त्या नावावर हसायची सवय झाली होती ना. सगळे धाकटीकडे बघायला लागले. "पोर लहान आहे हो," कुणीतरी समजुतीनं म्हणालं. झालं, दोष कुणाचा ते ठरूनसुद्धा गेलं! आणि धाकटी? ती "मी नाही" असंही म्हणाली नाही. खाली मान घालून उभी.

संग्रहालयाच्या बाई दोरीखालून वाकून आत आल्या. धाकटीसमोर बसल्या. "बाळा, ही खिंड उघडी आहे हे तुला दिसलं होतं का?"

धाकटीनं मान हलवली. हो.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर सगळे हसले असते," धाकटी म्हणाली.

मोठ्यानं नव्हे, रागानंही नव्हे. पाऊस पडला असता तर भिजले असते, असं आपण म्हणतो ना, तसं. पण कारखान्यात जो खांद्यावरचा मुलगा अजून खुदखुदत होता, त्याच्या बापानं त्याचा पाय हळूच दाबला.

मोठीचा हात खिशात गेला. चिंध्यांचा बोळा हाताला लागला. ते आठवायला तिला फार वेळ लागला नाही. डोक्यावर धरलेली चिंधी, लोकांचा हशा, वाकून केलेला नमस्कार. ठोकळे लावायच्या आधीच चिंधी उचलली होती तिनं. नुसतं गप्प राहिलं तर कुणाला कळणार होतं? कुणालाच नाही. धाकटी सांगणार नव्हती, ते तर सगळ्यांनी आत्ताच ऐकलं.

"ती खिंड माझी होती," मोठी म्हणाली. मग मामाकडे वळून म्हणाली. "मामा, तिला नको बोलूस. नक्कल करायला म्हणून मी चिंधी आधीच उचलली. मग तशीच पुढे गेले."

मामाचं तोंड उघडं राहिलं. विनोद आला होता त्यात, पण त्यानं तो तसाच गिळला असावा.

बाईंनी घड्याळ पाहिलं. पडलेली अर्धी रांग पाहिली, उभी अर्धी पाहिली. "मला डबेवाल्यांकडे जायचंय आणि मग शिवणकामाकडे," त्या म्हणाल्या. "परतताना याच दारावरून जाणार. तोवर पुन्हा उभी राहिली तर बघेन. नाहीतर पुढच्या वर्षी."

"राहील!" मोठी ओरडली. "उभी राहील, बाई!"

आणि मग जी धांदल उडाली! मामानं लोकांना रस्त्यावर काढलं. आईनं रंगाचे हात फडक्याला पुसले आणि पडलेले ठोकळे टोपलीत गोळा करायला बसली. पुस्तकबांधणीवाले काका बाह्या सरसावून आले, त्यांना मामानं दारातच अडवलं, "तुमचं पोट बाहेर ठेवून येता येत असेल तर या!" ते हसले आणि दारातूनच टोपल्या पुढे सरकवायला लागले. मोठी धाकटीकडे धावली.

"चल! तू पट्टी घे. मी लावते, तू अंतर बघ. लवकर!"

"मी नुसते ठोकळे देते," धाकटी म्हणाली.

"अगं, पण तपासणार कोण? तुझ्याशिवाय कोणाला जमतं ते?"

"तूच तपास ना, ताई."

"सॉरी म्हटलं ना!"

"नाही म्हटलंस."

खरंच की! मोठीनं आठवून पाहिलं. गुन्हा कबूल केला होता, तो मामापाशी. "सॉरी," ती घाईघाईनं म्हणाली. "सॉरी, सॉरी, सॉरी. झालं? आता घे पट्टी."

धाकटीनं पट्टी घेतली. मोठी सुटली. ठोकळा, ठोकळा, ठोकळा, आणि मध्ये मध्ये मागे न बघता विचारायची, "बरोबर आहे ना?" धाकटी मान डोलवायची. फळी झाली. "बरोबर?" मान. टेबल झालं. "इथलं?" मान. गोगलगायीच्या बाहेरच्या वळणावर मोठीनं मुद्दाम नव्हे, खरंच चुकून, एक ठोकळा इतका दूर ठेवला की मामालाही दारातून दिसला. "हे बरोबर?" तिनं विचारलं. धाकटीनं मान डोलवली.

मोठीचा पुढचा ठोकळा हातातच राहिला.

इतके दिवस तिला वाटायचं, मागून सारखी टोचणी लावणारी कटकट आहे ही. आता टोचणी थांबली होती आणि तिला डोळ्यांवर पट्टी बांधून चालल्यासारखं वाटत होतं. तिनं तो ठोकळा पुढे सरकवला. बोलून काय उपयोग? मान डोलावणं थांबवा असा हुकूम करता येतो, "पण" म्हणा असा हुकूम कसा करणार?

मामा टेबलाशी उभा राहून सरसाचे डबे एका रेषेत लावत होता. "मला माझे उस्ताद वाकड्या म्हणायचे," तो कुणाकडेच न बघता म्हणाला. "शिकत होतो तेव्हा. मारलेली रेघ सरळ असली तरी म्हणायचे. वाकड्या, आण रे ती फळी. गंमत म्हणून हं. फार प्रेमळ माणूस." तो हसला. मग थोडा थांबला. "अजून प्रत्येक रेघ दोनदा मोजतो मी. गुण्या लावून कोपरा तपासतो, पुन्हा मोजतो. आता तर उस्तादही राहिले नाहीत."

आईनं टोपलीतून नजर वर केली. इतक्या वर्षांत हे तिनंही कधी ऐकलं नव्हतं.

"आल्या, आल्या!" दारातून पुस्तकबांधणीवाले काका ओरडले. "बाई शिवणकाकूंकडून निघाल्या!"

शेवटचं वळण! मोठीचे हात भरभर चालत होते, बोटं घामानं ओली, ती पुन्हा पुन्हा फ्रॉकला पुसत होती. खिंडी भरल्या. आधी ठोकळे, मग चिंधी. आधी ठोकळे, मग चिंधी. करवतीच्या टेबलापाशीही. लोक पुन्हा आत आले, आता पहिल्याहून जास्त, कारण रस्ताभर बातमी पसरली होती. बाई दारात पोचल्या, चष्मा नाकावर चढवला.

मोठीनं पहिल्या ठोकळ्यासमोर गुडघे टेकले. बोट पुढे केलं. मामानं हात वर केला. "एक..."

मोठीनं धाकटीकडे पाहिलं. ती दोरीच्या पलीकडे उभी होती. आता मुठी तोंडावर नव्हत्या. पण ओठ हलले. आवाज आला नाही, फक्त ओठ हलले, आणि लगेच मिटले. आणि तिनं बाजूला बघितलं, कोण कोण आहे ते.

"दोन..."

"थांब, मामा!"

मोठीनं बोट मागे घेतलं. उठली. दोरीच्या कडेनं, कोपरं अंगाशी घट्ट धरून, सगळा कारखाना ओलांडून धाकटीपाशी गेली आणि तिच्यासमोर उकिडवी बसली.

"काय दिसतंय तुला?"

धाकटीनं मान हलवली. काही नाही.

मोठी बसून राहिली. पुन्हा विचारलं नाही. लोकांत चुळबुळ सुरू झाली. बाईंनी घड्याळ पाहिलं, ते मोठीला दिसलं, तरी ती हलली नाही. खांद्यावरच्या मुलाला भलताच कंटाळा आला असावा. "पण-पण!" त्यानं सुरुवात केली.

"तो भोंगा मोडला," मामा दरडावल्यासारखं म्हणाला. "दुरुस्त होणार नाही. दुसरा खेळ शोध."

"पण..." धाकटी इतक्या हळू म्हणाली की मोठीला तिचा श्वासच ऐकू आल्यासारखं झालं. "पण गोगलगायीच्या आत एक ठोकळा वाकडा आहे. मला वाटतंय तसं."

मोठी गेली. जमिनीवर पालथी पडली, गाल फरशीला टेकवला आणि एक डोळा मिटून आतल्या वळणावरून नजर फिरवली. एकेक ठोकळा. अगदी शेवटपर्यंत.

सगळे सरळ होते.

कुणीतरी मागे फिस्स करून हसलं. दुसऱ्यानं त्याला साथ दिली. धाकटीचा चेहरा एवढासा झाला. आणि मोठीच्या जिभेवर, खरं सांगतो, एक मस्त वाक्य येऊन उभं राहिलं. असं की सगळा कारखाना लोटपोट झाला असता. मोठी अजून तीच मोठी होती ना! एका क्षणात का जीभ बदलते?

तिनं ते वाक्य दाताखाली धरलं.

"पाहिला," ती उठत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "सरळ आहे. आणखी कुठे बघू?"

धाकटीनं तिच्याकडे नीट पाहिलं. तोंडावर हसू लपलंय का, गालात हवा भरलीय का, ते शोधत. मग पाऊल पुढे टाकून म्हणाली, "पण करवतीच्या टेबलाखाली? तिथे अंधार आहे."

"जाते."

मोठी टेबलाखाली सरपटत गेली. केसांत भुसा भरला, फ्रॉक मळला, मागून तिचे फक्त तळवे दिसत होते. तिथेही सगळं ठीक होतं. बाहेर येऊन तिनं तेही सांगितलं. या वेळी कुणी हसलं की नाही, हे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

"आणखी?"

धाकटीनं आता दोरी वर उचलली, वाकून आत आली आणि रांगेच्या कडेनं चालायला लागली. बोलत, मोठ्यानं. पण ही फळी हलत नाही ना? पण हा डबा फार जवळ आला नाही? फळीपाशी मोठी थांबली, दाबून पाहिली. डब्यापाशी मामानं डबा तिळभर मागे घेतला. सगळी रांग संपवून, घंटेपर्यंत जाऊन, धाकटी वळली. इकडे दारापाशी उभ्या असलेल्या मोठीकडे तिनं एवढ्या लांबून पाहिलं. पट्टी बगलेत धरली.

"आता लाव बोट, ताई," ती म्हणाली.

मोठीनं केसांतला भुसा झटकला नाही, गाल पुसला नाही. धप्पकन गुडघ्यांवर बसली, एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा धाकटीकडे, आणि पहिल्या ठोकळ्याला बोट लावलं.